मांजराचा विमा आणि आमची चांदी

मे महिन्याच्या सुट्टीत आमची थोरली बहीण, आक्का, चार दिवस गावी आली होती. आक्का पुण्याला चार बंगल्यांत धुणी-भांडी करते. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर संध्याकाळची वीज गेली, की सगळे अंगणात जमतात. त्या दिवशीही जमले आणि आक्काने पुण्याच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली.

"आमच्या एका बाईंनी मांजराचा इमा उतरवायचा घाट घातला," आक्का म्हणाली.

"मांजराचा इमा? काय सांगतीस!" सगळे अंगण हसू लागले.

"खरंच सांगते. मांजर आकरा वर्साचं. त्याची किडनी बिघडली. दवाखान्यात ठेवलं, सलाईन लावली, हजारांनी बिल झालं. मग बाईंना कुणीतरी सांगितलं, की मांजराचा बी इमा असतो. बाईंनी फोन केला, तर कंपनीनं सांगितलं, की वय जास्त झालंय आन् आजार आधीचा हाय, आता न्हाय उतरवता येणार. बाई दोन दिवस तोंड पाडून बसल्या होत्या."

पोरे पुन्हा हसली. आमची आई मात्र हसली नाही. ती कुडाजवळ बसून चांदीला शेवरीचा पाला घालत होती. चांदी ही आमच्या घरची पांढरी शेळी. आईने मान वर केली आणि म्हणाली, "हसता काय? तिनं त्या मुक्या जिवाला जीव लावलाय. आन् मी म्हणते, मांजराचा इमा हुतो, तर मग आपल्या चांदीचा का हुणार न्हाय?"

अंगण गप्प झाले. आम्हीही गप्प बसलो. कारण शेळीच्या विम्याचा एक कडू अनुभव आमच्या घराने चार वर्षांपूर्वीच घेतला होता. तो पुढे सांगूच. पण आईचा प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवसापासून आम्ही माहिती घ्यायला लागलो. जे समजले ते आमच्या माता-भगिनींपुढे ठेवावे, म्हणून हा लेखप्रपंच.

विम्याचे मूळ जनावरातच

मांजर-कुत्र्याचा विमा हे श्रीमंतांचे नवे खूळ, असे आपल्याला वाटते. पण त्याचा इतिहास पाहिला तर गंमत वाटेल. स्वीडन देशात १८९० साली या विम्याची सुरुवात झाली, ती घोडे आणि गोठ्यातली जनावरे यांच्यापासून. कुत्र्याची पहिली पॉलिसी त्याच देशात १९२४ साली निघाली. अमेरिकेत १९८२ साली लॅसी नावाच्या, टीव्हीवर गाजलेल्या कुत्र्याचा विमा उतरवण्यात आला आणि तिथे हा धंदा सुरू झाला. म्हणजे गोठ्यातल्या जनावराचा विमा आधी, दिवाणखान्यातल्या जनावराचा नंतर.

आपल्याकडेही तोच क्रम आहे. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७४ पासून सरकारी कंपन्यांनी जनावरांचा विमा सुरू केला. पुढे ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम, म्हणजे आय. आर. डी. पी., आला. त्या कर्जावर घेतलेली म्हैस किंवा शेळ्या आपल्या अनेक वस्त्यांत आल्या. जुन्या माणसांना त्या म्हशीच्या कानातला बिल्ला आजही आठवतो.

कुत्र्याचा विमा सरकारी कंपन्या पूर्वीपासून देत होत्या. मांजराचा विमा मात्र अगदी अलीकडे, काही खासगी कंपन्यांनी आणला. त्यात वयाची अट असते. मांजर बारा-पंधरा वर्षे सहज जगते, पण पहिल्यांदा विमा उतरवायचा तर बहुतेक ठिकाणी ते सात-आठ वर्षांच्या आतले असावे लागते. लहानपणी विमा काढून दरवर्षी न चुकता नूतनीकरण करत गेले, तर पुढची काही वर्षे तो चालू राहतो. आधीपासून असलेला आजार त्यात धरत नाहीत. आक्काच्या बाईंचे नेमके तिथेच अडले. आजार आल्यावर विमा आठवला. बैल गेला नि झोपा केला, तशातली गत.

आणि हीच गत आपल्याही गोठ्यात होते.

आमची मोरी कशी गेली

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे मोरी नावाची शेळी होती. दुसऱ्या वेताची, दोन्ही वेळचे दूध देणारी. वस्तीवर एक एजंट आला. त्याच्याकडे आम्ही विमा उतरवला. मोरीच्या कानात पिवळा बिल्ला बसला. कागद इंग्रजीत होता. आम्ही तो घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला. त्यात काय लिहिले आहे, हे एजंटाने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

पावसाळ्याच्या तोंडी मोरी बोराटीच्या झुडपात अडकली आणि बिल्ला कानातून निसटला. शोधला, सापडला नाही. आई म्हणाली, "दवाखान्यात जाऊन दुसरा घालून आण." आम्ही म्हणालो, "बाजारच्या दिवशी बघू." बाजारचे दोन दिवस आले आणि गेले. तिसऱ्या आठवड्यात कोवळे गवत खाऊन मोरी रात्रीतून फुगली आणि पहाटे गेली. नंतर डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, हा बहुधा आंत्रविषार. पावसाळ्यापूर्वी लस दिली असती तर वाचली असती.

त्या दिवशी आम्ही तिला बांधाच्या कडेला पुरून टाकले. विम्याची आठवण दुसऱ्या दिवशी दुपारी झाली. मग फोन केला. पहिला प्रश्न, बिल्ला कुठे आहे? दुसरा प्रश्न, शवविच्छेदन झाले का? दोन्हीचे उत्तर नाही. दावा फेटाळला. बिल्ला नाही तर दावा नाही, हा नियम आम्हाला त्या दिवशी कळला.

आम्ही त्या कंपनीला पुष्कळ दोष दिला. आमच्या भाषेत नियम समजावून सांगायला हवे होते, ही आमची तक्रार आजही आहे. पण "बाजारच्या दिवशी बघू" हे शब्द आमचेच होते, हेही कबूल केले पाहिजे. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, अशी म्हण आहे. आमची शेळीही गेली आणि कागदही वातडच निघाला.

बाबासाहेब आणि विमा

विमा म्हणजे पैसेवाल्यांचे काम, असे आपल्यातले बरेच जण समजतात. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या साताऱ्यात बाबासाहेबांचे बालपण गेले, त्याच साताऱ्यात आपण राहतो. त्या बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन लिहिले. त्यात त्यांनी मांडले, की विम्याचा धंदा फक्त सरकारने करावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या मिळकतीच्या मानाने आयुर्विमा उतरवलाच पाहिजे, असा कायदा असावा. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण त्यानंतर नऊ वर्षांनी, १९५६ साली झाले. कष्टकऱ्याच्या घरावर संकट आले तर ते घर एका रात्रीत सावकाराच्या दारात जाऊन उभे राहते, हे ज्याने गरिबी भोगली त्यालाच समजते.

आणखी एक गोष्ट. आपल्या पणजोबा-आजोबांच्या वाट्याला गावची मेलेली ढोरे ओढायचे काम होते. जित्या जनावरावर दुसऱ्याचा हक्क, मेल्यावर ओढायला आपण. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस खाणे सोडा म्हणून सांगितले. १९५८ च्या कायद्याने वतनही संपले. आज आपल्या दारात आपल्या मालकीची शेळी आहे, म्हैस आहे. तिच्या कानात आपल्या नावावर नोंदलेला बिल्ला आहे. ती मेली तर डॉक्टर येऊन पंचनामा करतो आणि त्यावर मालक म्हणून आपले नाव लिहितो. हा बदल लहान नाही. मग त्या कागदाची आपण हेळसांड का करावी?

सरकारी योजना काय सांगते

जनावरांच्या विम्याला सरकार अनुदान देते. ही योजना २००५-०६ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर निघाली आणि २०१४-१५ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात घेतली गेली. पूर्वी जनावरवाल्याला हप्त्याचा वीस ते पन्नास टक्के वाटा स्वतः भरावा लागे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो वाटा पंधरा टक्क्यांवर आणला. उरलेले पैसे केंद्र आणि राज्य सरकार साठ-चाळीस या प्रमाणात भरते.

हिशेब करून पाहू. समजा शेळीची किंमत १०,००० रुपये धरली आणि हप्त्याचा दर शेकडा ४ धरला, तर वर्षाचा हप्ता ४०० रुपये झाला. त्यातले आपल्याला भरायचे ६० रुपये. उरलेल्या ३४० रुपयांपैकी केंद्राचे २०४ आणि राज्याचे १३६. दर जागेप्रमाणे आणि जनावराप्रमाणे कमी-जास्त असतो, पण अंदाज यावा म्हणून हे उदाहरण दिले. जनावराची किंमत मालक, डॉक्टर आणि विमा कंपनीचा माणूस या तिघांनी मिळून ठरवायची असते. तिथे आपण गप्प बसू नये. शेळी किती दूध देते, किती करडे देते, बाजारात तिच्यासारखीला काय भाव आहे, हे सांगावे.

या योजनेत दहा शेळ्या मिळून एक पशुधन घटक धरतात. एका कुटुंबाला शेळ्या-मेंढ्यांसाठी अशा दहा घटकांपर्यंत लाभ मिळतो. म्हणजे दोन-चार शेळ्यांच्या घराला मर्यादेची चिंताच नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना ७५ टक्के अनुदानावर दहा शेळ्या व एक बोकड देण्याची राज्याची योजना आहे, तिच्या खर्चातही विमा धरलेला असतो. ज्या घरी असा गट आला आहे, त्यांनी आपल्या शेळ्यांचा विमा कोणत्या तारखेला संपतो, ते आजच पाहावे. आपल्या भागात सध्या अनुदानाची योजना चालू आहे का, हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारावे.

काही जण म्हणतात, "जनावर मेलं तर सरकार मदत देतंच की." ती मदत वेगळी. ती नैसर्गिक आपत्तीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीकडे कृष्णामाई कोपली, तेव्हा दावणीची जनावरे सोडून नावेत बसायला माणसे तयार नव्हती. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या. अशा वेळी सरकारी निकषाने मदत मिळते. २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये ठरले होते. २०२२ साली लम्पीची साथ आली, तेव्हाही राज्य सरकारने मेलेल्या दुभत्या गाईमागे ३०,००० रुपये दिले. पण आमच्या मोरीसारखी शेळी एका रात्री साध्या रोगाने गेली, तर तिच्यासाठी कुणीही सरकारी मदत जाहीर करत नाही. तिथे विमाच कामाला येतो.

वय कसे ठरते

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. चांदीचा विमा होईल का?

आम्ही चांदीला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आधी तिचा खालचा ओठ उचलून दात पाहिले. शेळीचा जन्माचा दाखला नसतो, तिचे दात हाच दाखला. वर्षभराच्या आत सगळे दुधाचे दात. वर्ष-सव्वा वर्षाला मधले दोन पक्के येतात, ती दोन दाती. दोन वर्षांच्या सुमारास चार दाती, तीनच्या सुमारास सहा दाती. चार वर्षांपर्यंत आठही दात पुरे होतात, तिला आपण जुळलेली म्हणतो. त्यानंतर दात झिजतात, त्यांच्यात फटी पडतात, मग एकेक पडू लागतो. गाई-म्हशीचे दातांबरोबर शिंगांवरचे वेढेही पाहतात. बाजारात काही व्यापारी शिंगे घासून आणि तेल लावून म्हातारे जनावर तरुण करतात, ते याचसाठी.

विम्याच्या साधारण नियमात शेळी-मेंढी सात वर्षांपर्यंत, दुभती गाय दहा वर्षांपर्यंत आणि दुभती म्हैस बारा वर्षांपर्यंत घेतात. डॉक्टरांनी चांदीचे तोंड मिटवले आणि हसून म्हणाले, "हिचे दोन दात पडलेत. ही सातच्या पुढची. हिचा विमा आता होणार नाही."

आईने विचारले, "पर ती अजून दूध देती की."

"देते हो. पण कागदाला दूध दिसत नाही, वय दिसतं," डॉक्टर म्हणाले.

पुण्याच्या बंगल्यातल्या बाई आणि आमची आई, दोघींना एकच उत्तर मिळाले. आईने पदराने चांदीचे तोंड पुसले. मग तिने विचारले, "हिच्या दोन पाटी हायत्या घरी. त्यांचा हुईल?" त्यांचा मात्र होत होता. एक दोन दाती, दुसरी चार दाती. दोघींना पुढच्या आठवड्यात घेऊन गेलो.

हे लक्षात ठेवावे

आमच्यासारखी वेळ कुणावर येऊ नये, म्हणून विचारून घेतलेल्या गोष्टी इथे देतो.

जनावर तरुण आणि निरोगी असतानाच विमा उतरवावा. आजारी जनावराचा विमा होत नाही. विमा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत झालेल्या रोगाची भरपाईही बहुधा मिळत नाही. मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे.

बारा अंकी बिल्ला म्हणजे जनावराचे आधार कार्ड. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला बंदी घालण्यात आली. बिल्ला पडला तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवावे, नवा घालून घ्यावा आणि नवा नंबर विमा कंपनीला लेखी द्यावा. बिल्ल्यासह जनावराचा फोटो घरात असावा.

लसीकरणाची नोंद ठेवावी. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस चुकवू नये. पीपीआरची लसही टोचून घ्यावी.

जनावर गेले तर पुरण्याची घाई करू नये. आधी कंपनीला आणि डॉक्टरांना चोवीस तासांच्या आत कळवावे. शवविच्छेदन करून दाखला घ्यावा. कानातला बिल्ला जपून ठेवावा. दाव्याचा अर्ज, डॉक्टरांचा दाखला, पॉलिसी आणि बिल्ला ही चार कागदे-वस्तू एकत्र द्यावीत आणि पोच घ्यावी.

चोरीला गेलेले, हरवलेले किंवा मुद्दाम मारलेले जनावर साध्या विम्यात बसत नाही. वैदूकडून भलतेच उपचार केले आणि जनावर दगावले, तरी दावा अडतो.

कागद इंग्रजीत असेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्यावा. आपल्या मुलांना आपण शिकवतो ते कशासाठी? आमच्याकडे आता हे काम दहावीतली पुतणी करते.

मांजर पाळणाऱ्या बाळगोपाळांनाही दोन शब्द. आपल्या घरच्या मांजराचा विमा आपण उतरवणार नाही, ते खरे. पण त्याला रेबीजची लस जरूर द्यावी. मांजराने चावले किंवा ओरबाडले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि सरकारी दवाखान्यात लस घ्यावी. आणि मांजर तापले म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी त्याला कधीही देऊ नये. आपल्याला औषध असलेली ती गोळी मांजराला विष आहे.

चांदीचा डबा

आता चांदीचे काय? तिला कुणी विमा देत नाही, म्हणून आईने स्वतःच कंपनी काढली. चहाच्या पावडरीचा रिकामा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली. चांदीच्या दुधाचे रोजचे पाच रुपये त्यात पडतात. वर्षाचे १,८२५ रुपये होतात. "हिला दुखलं-खुपलं तर ह्यातनं औषध," आई म्हणते, "आन् ही गेली, तर ह्यातनं एक पाट." दातांनी कडबा चावत नाही, म्हणून आई तिला बारीक चिरलेला पाला आणि भिजवलेला कोंडा घालते. पुन्हा गाभण राहू देऊ नका, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तेव्हा हे दूध आटले की डबाही थांबेल, हे आईला ठाऊक आहे. तोवर ती एक दिवस चुकवत नाही.

आक्का पुण्याला परत निघाली, तेव्हा आईने तिला पाल्याचा हात तसाच धरून सांगितले, "त्या बाईस्नी सांग, मांजराच्या नावाचा डबा करा म्हणावं. इमा न्हाय तर न्हाय."

आम्ही त्याच दिवशी पत्र्याची पेटी उघडली. दोन्ही पाटींचे कागद, बिल्ल्यांचे नंबर आणि फोटो एका पिशवीत घातले आणि ती पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला, सगळ्यांना दिसेल अशी अडकवली. "बाजारच्या दिवशी बघू" हे वाक्य आमच्या घरातून आता हद्दपार झाले आहे. वाचकांनीही आपापल्या घरातली पेटी एकदा उघडून पाहावी, ही विनंती.